थांबा, बोला, जा

समुद्रपूर,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. अनुप,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. आईंचा गुडघा पावसाळ्यात दरवर्षी कुरकुरतो तसा यंदाही कुरकुरतो आहे, पण वर्षावासाचं वाचन त्यांनी एक दिवस चुकवलेलं नाही. विहारातून आल्या की आज काय वाचलं ते मला पुन्हा ऐकवतात, आणि मी पोळ्या लाटत ‘हो, हो’ म्हणते. काल तान्हा पोळा झाला. गल्लीतल्या पोरींनी या वर्षी लाकडी बैलांना चष्मे लावले होते. तुझ्या दादाला तहसीलमध्ये कामाचा ढीग आहे, असं तो म्हणतो. दिसतो मात्र पानठेल्यावर. मोनाली कशी आहे? नालवाडीत तुमच्या फ्लॅटखाली पाणी साचलं होतं म्हणे. ओसरलं का?

रीतीचं लिहून झालं. आता मुद्द्याचं लिहिते.

तू मंगळवारी फोन केलास. “वहिनी, एक छोटंसं काम होतं. दोन ओळी पाहिजेत.” त्या दोन ओळीही तूच तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवल्यास. मी फक्त त्या कागदावर उतरवून सही करायची आणि १५ सप्टेंबरच्या आत शिक्षक पुरस्कार समितीकडे पोचवायच्या. तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहिते, म्हणजे वाचताना तुलाही ऐकू येईल: “श्री. अनुप चिंधू नगराळे यांनी आमच्या शाळेत शिक्षणसेवक असताना इंग्रजी प्रिपोझिशन शिकवण्याची ‘धावतं इंग्रजी’ ही पद्धत स्वतः शोधून काढली. त्या वेळी शाळेचा प्रभार माझ्याकडे होता व मी या गोष्टीची साक्षीदार आहे.”

साक्षीदार हा शब्द वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि कोथिंबीर निवडायला बसले. फोनवर मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. माझ्याशी बोलताना तुझी मीटिंग नेहमी सुरूच होते. म्हणून हे पत्र. तुला लेखी हवं होतं, तर घे लेखी.

मागच्या महिन्यात हिंगणघाटच्या प्रशिक्षणाला मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तू व्यासपीठावर आलास, गळ्यात ओळखपत्र, हातात माइक. मला पाहिलंस. तुझी नजर माझ्यावरून अशी घसरली, जशी पहिल्या बाकावरच्या पोराची फळ्यावरच्या न सुटलेल्या गणितावरून घसरते. मग तू साठ शिक्षकांना सांगितलंस की, ग्रामीण मूल प्रिपोझिशनमध्ये का अडतं, याचा तू अनेक वर्षं अभ्यास केलास. आपल्या भाषेत वस्तू आधी येते आणि तिची जागा मागून चिकटते: घरात, झाडाखाली, पुलावरून. इंग्रजीत जागा आधी सांगावी लागते, वस्तू नंतर. म्हणून आपलं मूल ‘टेबल ऑन’ म्हणतं. हे तू सांगितलंस आणि माझ्या शेजारच्या बाईंनी वहीत उतरवून घेतलं. त्या मला म्हणाल्या, “सर किती सोपं करून सांगून राह्यले नाई?” मी म्हटलं, “हो, अगदी सोपं.”

नंतर प्रात्यक्षिकासाठी तू मलाच उठवलंस. “मॅडम, तुम्ही या समोर.” मॅडम. ‘अंडर’ म्हणत मला बाकाखालून जायला लावलंस. पन्नाशीला आलेली बाई साडी सावरत बाकाखालून गेली आणि साठ जणांनी टाळ्या वाजवल्या. तू मला एवढंच म्हणालास, “व्हेरी गुड, मॅडम.”

मला राग आला, अनुप. अजून गेलेला नाही. तो आहे, असं सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढचं गोड शब्दांत लिहायला नको.

या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तू सातवीत होतास. रीतीनं मी तुला भाऊजी म्हणायला हवं होतं, पण चड्डीचं बटण मलाच लावायला सांगणाऱ्या पोराला भाऊजी कोण म्हणेल? सहामाहीला इंग्रजीत तुला शंभरपैकी अकरा पडले होते. मामंजी जिवंत होते; त्यांनी नुसती गुणपत्रिका माझ्यासमोर ठेवली. घरात शिकलेली सून आली आहे याचा त्यांना फार अभिमान होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुला उभं करायचे. फळीवरचा डबा मागताना तू ‘शेल्फ ऑन’ म्हणालास की मी तुझा हात धरून थांबवायचे. आधी ‘ऑन’ म्हण, मग डब्याला हात लाव. वस्तूला शिवायच्या आधी शब्द तोंडातून बाहेर पडला पाहिजे. महिनाभर तू माझ्यावर चिडलास. मग एक दिवस न चुकता बोललास आणि गुळाचा खडा मागितलास.

शाळेत मी तेच केलं. एकदा चौथीची मुलं घेऊन गिरडला गेले होते. टेकडी चढताना पोरं आपोआप बोलत होती: आता झाडाखालून, आता दगडावरून, आता भिंतीच्या मागून. मला वाटलं, शिकवायची जागा ही आहे, फळा नाही. मग आपल्या शाळेमागच्या टेकडीवर धडा सुरू केला. झाडाच्या एक पाऊल अलीकडे सगळ्यांनी थांबायचं. ‘अंडर’ म्हणायचं. मग झाडाखालून जायचं. नाल्याशी थांबायचं, ‘अक्रॉस’ म्हणायचं, मग ओलांडायचा. थांबा, बोला, जा. तू शिक्षणसेवक होऊन माझ्याच शाळेत आलास तेव्हा हा धडा पाच वर्षं जुना होता. तुला तो मी हाताला धरून दाखवला.

प्रशिक्षणात वाटलेल्या तुझ्या पुस्तिकेत ‘थांबा’ नाही. मी दोनदा शोधलं. मुलं धावताहेत, धावता धावता शब्द ओरडताहेत, आणि त्याला तू ‘धावतं इंग्रजी’ म्हणतोस. फोटो छान आले आहेत. पण जे मूल थांबत नाही ते विचार करत नाही, पुढच्याचं ऐकून ओरडतं. आणि टेकडीवर पळणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायची गरज नाही. २०१४च्या त्या फेब्रुवारीबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तिकेत ‘थांबा’ परत घाल. आणि ‘स्वतः शोधून काढली’च्या जागी खरं काय ते लिही. मोठ्या अक्षरात नको. मग मी सही करते, आनंदानं करते.

आईंनी तुला विचारलं आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणार आहेस का, ते कळव.

तुझी,
वहिनी


समुद्रपूर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

अनुप,
जयभीम.

तू पत्राला उत्तर पाठवलं नाहीस. तू तुझ्या दादाला फोन केलास. वीस मिनिटं तो अंगणात फेऱ्या मारत बोलत होता आणि मी आत भात शिजवत होते. घरात आला तो चप्पल न काढताच.

“अस्मिता, सही करून टाक नं. घरातलीच गोष्ट हाय. तुले काय कमी पडून राह्यलं?”

मी म्हटलं, “मला माझं नाव हवंय.”

मग त्यानं मान खाली घालून तुझा निरोप सांगितला. तो मी तसाच लिहिते, कारण तू तो मला तोंडावर सांगितला नाहीस. “वयनीचं नाव टाकलं त समिती जुना रेकॉर्ड मांगन. मंग ते नोटीस निघन. पोरायले पळवाचा आदेश वयनीचाच होता असं त्यायनंच सही करून देल्लं हाय. त्यात वयनीचंच वाटोळं व्हईन.”

सांगताना तुझा दादा माझ्याकडे बघत नव्हता. त्याला खरं माहीत आहे. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्याला माहीत आहे. तिघांनी अकरा वर्षं हे जेवणाच्या ताटाखाली दाबून ठेवलं. आता तूच ताट उचललंस.

तर लिहितेच. फेब्रुवारी २०१४. तुझ्या शिक्षणसेवकपदाची तीन वर्षं पुरी होऊन तू कायम व्हायला तीन महिने उरले होते. मी पहिली-दुसरीला घेऊन वर्गात बसले होते, तू तिसरी-चौथी घेऊन टेकडीवर गेलास. तुला तालुक्याच्या मेळाव्यात दाखवायला व्हिडिओ हवा होता. थांबणारी पोरं व्हिडिओत मेल्यासारखी दिसतात, असं तू आदल्या दिवशी मला म्हणाला होतास, आणि मी तुला म्हटलं होतं की उतारावर पळवू नको. हे मी तुला म्हटलं होतं, अनुप. चहाचा कप हातात होता तुझ्या. तू ‘बरं’ म्हणालास.

तू खाली मोबाइल धरून उभा राहिलास आणि बत्तीस पोरांना ‘डाउन द हिल’ ओरडत पळत यायला सांगितलंस. तिसरीतली आचल नाल्याच्या दगडी बांधावरून पलीकडे पडली. मी धावत गेले तेव्हा तिचा उजवा कोपर उलटा वळला होता आणि ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, मी शब्द बरोबर बोलली.” आठ वर्षांची होती. मोबाइल तोवर तुझ्या खिशात गेला होता.

मग शिक्षण विभागाची नोटीस आली. तुझी तीन वर्षं वाया जातील म्हणून आई माझ्या दाराशी रात्रभर बसल्या नाहीत, कुणी माझे पाय धरले नाहीत. असं कुणी केलं असतं तर मला आज बरं वाटलं असतं. मला कुणीच काही सांगितलं नाही. तू फक्त स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास, जिथे सातवीत उभा राहायचास, आणि मी पेन घेतलं. “मुलांना धावत उतरवण्याचा आदेश माझा होता. शिक्षणसेवक श्री. नगराळे यांनी त्यास विरोध केला होता.” हे वाक्य माझं आहे. ‘विरोध केला होता’ हे मी माझ्या मनानं घातलं. तू ते वाचलंस आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवलीस.

बघ कशी गंमत आहे. नोटीस आली तेव्हा धावणं माझं होतं आणि विरोध तुझा. पुरस्कार आला तर धावणं तुझं, आणि मी साक्षीदार.

त्या उत्तरानं माझी बदली आष्टीकडे झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. चार वर्षं मी एसटीनं फिरले. गोपनीय अहवालात एक शेरा पडला आणि केंद्रप्रमुखपदाच्या बढतीच्या यादीत माझं नाव कधी आलं नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही आणि आजही त्यासाठी लिहीत नाही. ते मी माझ्या हातानं केलं. दिराला वाचवलं म्हणून मनातल्या मनात स्वतःला मोठीही समजत होते. त्या मोठेपणावर मी अकरा वर्षं जगले, हेही लिहून ठेवते.

तुझा निरोप ऐकल्यावर मी दोन दिवस शाळेत नीट शिकवलं नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आचलच्या घरी गेले.

तिची आई दिपाली मला ओळखते, पण बोलत नाही. बाजारात दिसले की थुंकते. त्या दिवशीही तिनं मला दारातच थांबवलं. आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. आदेश माझा नव्हता. मी नको म्हटलं होतं. सरांना वाचवायला मी खोटं लिहून दिलं. आता त्याच धड्यावर सरांचं नाव पुरस्काराला गेलं आहे.

तिनं दाराची कडी चाचपली. मग म्हणाली, “अकरा वर्षं म्या तुमाले शिव्या देल्या. त्या काऊन घेतल्या तुमी?”

मी म्हटलं, “तो माझा दीर होता.”

“अन् माही पोरगी?”

अनुप, चोवीस वर्षं मी फळ्यासमोर उभी आहे, पोरांच्या कुठल्याही प्रश्नाला मी काहीतरी उत्तर देते. त्या बाईला मी काहीच देऊ शकले नाही. त्या कागदावर मी तुझं लिहिलं, माझं लिहिलं, आणि जिचा हात मोडला तिचं एक अक्षर नव्हतं. नोटिशीच्या उत्तरात मी तिचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. ‘एक विद्यार्थिनी’ असं लिहिलं होतं.

आचल आतून आली. वीस वर्षांची झाली आहे, उंच, काटक. तिनंच मला आत बसवलं आणि चहा आणला. कप डाव्या हातात. उजवा कोपर सरळ होत नाही, काटकोनाच्या थोडा पुढे जाऊन अडतो. या वर्षी ती पोलीस भरतीला उतरली होती. धावण्यात पहिल्या दहांत आली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले आणि दुसऱ्या रांगेत उभं केलं. त्या रांगेतल्या सगळ्या घरी गेल्या.

तिला म्हटलं, तुला काही आठवतं का? ती म्हणाली, “आठवते नं मॅडम. सर खालून ‘फास्ट, फास्ट’ म्हनत होते. मले वाटलं, तुमीच सांगतलं असन त्यायले. सर तुमचंच ऐकत होते नं.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला तिथे बसवेना.

निघताना दिपालीनं मला एक विचारलं: “आता त्या सरले बक्षीस भेटन, मंग साऱ्या शाळेत पोरायले असंच पळवतीन काय?” मी म्हटलं, पुस्तिकेत तसंच लिहिलं आहे. ती म्हणाली, “मंग तुमी इथं काऊन बसल्या?”

म्हणून मी उठले. काल शनिवारी दुपारी पोस्टातून रजिस्टर केलं. एक प्रत पुरस्कार समितीला, एक शिक्षण विभागाला. ही तुझी प्रत. तू लिहून पाठवलेल्या दोन ओळींपेक्षा जरा लांब झाली आहे.

“प्रिपोझिशन शिकवण्याची ही पद्धत मी, अस्मिता विवेक नगराळे, सुरू केली. तिचा पहिला विद्यार्थी माझा दीर अनुप होता. या पद्धतीत मुलांनी प्रत्येक ठिकाणी थांबून, शब्द बोलून, मग पुढे जायचं असतं. श्री. अनुप नगराळे यांनी त्यातलं थांबणं काढून टाकलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी मुलांना उतारावरून पळवलं, त्यात तिसरीतली आचल हिचा उजवा हात कायमचा अधू झाला. मी नको म्हटलं होतं. तरी नोटिशीच्या उत्तरात आदेश माझा होता असं मी लिहून दिलं. ते खोटं होतं. त्या खोट्या लेखी उत्तराबद्दल माझी चौकशी व्हावी. ‘धावतं इंग्रजी’ कोणत्याही शाळेत राबवू नये, ही विनंती.”

तुझं काय होईल मला माहीत नाही. माझंही माहीत नाही. निवृत्तीला आठ वर्षं आहेत, तेवढी नीट जातील असं दिसत नाही. तुझा दादा कालपासून माझ्याशी बोलत नाही. रात्री तो पडवीत झोपला आणि आज सकाळी चहा स्वतः करून घेतला. मोनालीचा मेसेज आला: ‘असं कुणी घरातल्या माणसाशी वागतं का?’ तिला काय उत्तर द्यावं हे मी शोधते आहे. तिला खरं माहीत आहे का, हे तू मला सांगितलेलं नाहीस.

हे सगळं करताना मला समाधान वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. गुळाचा खडा मागणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो आणि मी भांडी जोरात घासते. मी तुला शिकवलं. तू चांगला शिकलास. कुठे थांबायचं, हे शिकवायला मीच कमी पडले असेन, पण ही कबुली मी तुला सूट म्हणून देत नाही.

आईंना सांगावं लागणारच होतं. आज सकाळी त्यांच्याजवळ बसून निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यांचा धाकटा लेक आहेस तू. त्या मला घराबाहेर काढतील अशी तयारी ठेवून वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग विचारलं:

“त्या पोरीचा हात आता सरळ होते काय?”

मी म्हटलं, “नाही होत, आई.”

“अनुपले मालूम हाय?”

मी म्हटलं, “त्यानं कधी विचारलंच नाही.”

त्या उठून आत गेल्या. संध्याकाळी बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या की, तू धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी येशील तेव्हा त्या तुला एकच गोष्ट विचारणार आहेत, आणि ती मी तुला आधी कळवू नये. मी कळवत नाही. पण सकाळी त्यांनी मला काय विचारलं ते तू वर वाचलंस, म्हणजे ती तुला माहीत आहे.

उत्तर मला नको. त्यांना दे.

अस्मिता